चाळीस पानांचा आचारी

आमच्या लग्नाला चाळीसच माणसं बोलावली होती, करमाडजवळ मैत्रिणीच्या शेतात. आचाऱ्याला आकडा सांगितला, तर त्यानं नावं मागितली. कोण तिखट खात नाही, कुणाला दात नाहीत, हे तो खांद्यावरच्या पंच्याला हात पुसत एकेक विचारत राहिला. त्याचं नाव विचारायचं मला सुचलं नाही.

"पाचशेचा स्वयंपाक डोळे झाकून होतो, ताई. चाळिसाचं लई अवघड. प्रत्येकाचं तोंड दिसतंय."

त्याला दिलेल्या यादीतलं एक नाव मी नंतर खोडलं. बँड नाही, भावकी नाही, हे कसलं लग्न, म्हणून मोठे काका रुसले होते.

पंगत उठल्यावर आचाऱ्यानं माझ्या हातात त्याचा स्टीलचा डबा ठेवला. आत बिनतिखटाची आमटी आणि दोन पुरणपोळ्या होत्या.

"तुमच्या काकांचंबी केलंय. नेऊन द्या."

काकांनी डबा घेतला. तिसऱ्या दिवशी तो घासूनपुसून परत आला. आत वाटीभर साखर होती.

मी डबा तसाच आचाऱ्याकडे नेला. त्यानं झाकण उघडलं, चिमूटभर साखर तोंडात टाकली आणि म्हणाला, "आता चाळीस झाले."