दमा म्हणायची लाज

"बाई, शिंका आणि खाज ही झाली ॲलर्जी. पण हिच्या छातीत शिट्टी वाजतेय. हा अस्थमा आहे, म्हणजे दमा."

डॉक्टर एवढं बोलले आणि मी आधी दाराकडे पाहिलं, बाहेर बाकावर कुणी ओळखीचं तर नाही ना! माझी सुषमा तेव्हा बारा वर्षांची. ऐंशी साल उजाडायचं होतं.

डॉक्टरांनी नीट समजावलं. ॲलर्जी म्हणजे शरीराला एखादी गोष्ट, धूळ म्हणा, सोसत नाही. नाक गळतं, डोळे चुरचुरतात. दम्यात छातीतल्या श्वासनळ्या आवळतात. "धुळीनं हिचा दमा उसळतो. पण ॲलर्जीच्या गोळीनं आवळलेली नळी सुटत नाही. त्याला हा इनहेलर." इनहेलर म्हणजे तोंडात धरून औषध ओढायचा पंप.

घरी येऊन मी सगळ्यांना सांगितलं, ॲलर्जी आहे. दमेकरी पोरीला करणार कोण? पंप गेला कपाटात, साड्यांखाली. लागेल तेव्हा दार लावून द्यायचे.

मग सायखेड्याला नणंदेच्या मुलीचं लग्न निघालं. सगळे सोयरे जमणार, म्हणून पंप पंचवटीत घरीच ठेवला आणि गोळ्यांची पट्टी तेवढी घेतली. केवढी शहाणी मी!

हळदीच्या दुपारी पोरी कांदा साठवायच्या चाळीत लपाछपी खेळल्या. तिथं पायाखाली वाळक्या साली आणि नुसती धूळ. सुषमा खोकत आली. मी गोळी दिली, वाट पाहिली. तिला एक वाक्य पुरं करता येईना.

"आई... पंप..."

नणंद धावत आली. "वैनी, पोरीचे ओठ निळे पडले हो! कसला पंप मागती ती?"

मी सुषमाला कवेत घेऊन रस्त्याकडे निघाले.

मांडवाचं सामान आणलेल्या टेम्पोतूनच आम्ही नाशिक गाठलं. गोदावरीचा पूल आला तेव्हा तिच्या छातीतली शिट्टी थांबली. मला वाटलं, उतार पडला. दवाखान्यात कळलं, तेच सगळ्यात वाईट लक्षण. हवाच आत जात नसेल तर शिट्टी वाजणार कशी?

ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं दिली. बाकावर मी आणि हळदीच्या हातांची नणंद. फार वेळानं डॉक्टर बाहेर आले. "वाचली. पंप का दिला नाही?"

"लपवला होता," मी नणंदेसमोरच म्हणाले. "दमा आहे तिला."

नणंद म्हणाली, "लय चुकलं वैनी तुमचं. सांगितलं असतं तर पोरीला चाळीत जाऊ दिलं असतं का आम्ही?"

म्हणून सांगते बायांनो, लेकराची छाती वाजत असेल तर डॉक्टरांनी सांगितलेलं नाव चारचौघांत घ्या. शाळेत सांगा, सोयऱ्यांना सांगा.

आठेक वर्षांनी सुषमाला बघायला पाहुणे आले. तिनं पोह्यांचा ट्रे आणला, तर बशांच्या मधोमध पंप!

"हा माझा. मला दमा आहे, धूळ चालत नाही, आणि हा मी कुठंही गेले तरी सोबत असणार. आधी हे ठरवा, मग मला बघा."

मुलाची आई दचकली. त्यांचं उत्तर काय आलं, ते राहू द्या. माझी पोरगी एवढं सगळं एका श्वासात बोलली होती.