दगडावरची गळती

धुळीवर गूळ खावा, छाती साफ होते, असं आमच्या कोल्हापुरात शेंबडं पोरही सांगतं. गुरुपाद पाथरवट रोज संध्याकाळी खडा चघळायचा. त्याचा थोरला भाऊ शिवमूर्तीही चघळायचा. तो १९५१ साली, चाळिशीच्या आत, खोकून खोकून गेला. गूळ जातो पोटात, धूळ बसते छातीत. एवढं कळायला डॉक्टर लागत नाही, पण सांगायला गेलं की लोक अंगावर येतात.

दोघे भाऊ संकेश्वराकडचे लिंगायत. गणपतरावांच्या शेडमध्ये दगडी पुतळे घडवायचे. वाळत घातलेल्या लुगड्यांवर धूळ बसते म्हणून गल्लीतल्या बायकांनी ओरड केली, तेव्हा गणपतरावांनी दारं लावून घेतली. लुगडी वाचली. आतल्या माणसांसाठी ओरडणारं कुणी नव्हतं. मी तिथं हिशेब लिहायचो, मी ओरडलो, तर मला बाहेर काढलं.

शिवमूर्तीचे दिवस झाल्यावर गुरुपादची बायको रत्नव्वा त्याच्यासमोर बसली. रडली नाही. म्हणाली, "दगड सोडा, न्हायतर धूळ सोडा. भावजींच्या मागनं तुमास्नी जाऊ देणार न्हाय."

दगड सोडणं त्याच्या हातात नव्हतं. आजोबापासून तेच काम, दुसरं येतंय काय?

सोमवारी देवळात पिंडीवर टांगलेल्या गळतीकडं, त्या बुडाला भोक असलेल्या भांड्याकडं, तो बराच वेळ बघत राहिला. थेंब थेंब पाणी पडत होतं, पिंड सदा ओली. दुसऱ्या दिवशी त्यानं मडक्याच्या बुडाला भोक पाडलं, त्यात सुताची वात घातली आणि ते आपल्या दगडावर टांगलं. छिन्नी मारली की धूळ उडायच्या ऐवजी चिखल होऊन खाली ओघळायला लागली.

शेजारच्या दगडावर काम करणारा जोतीराम म्हणाला, "अण्णा, पुतळा घडवतायसा की अभिषेक घालतायसा? बेल आणू काय?"

हसणं परवडलं असतं. पण पाण्यानं गेरूच्या खुणा पुसल्या. कुणा सावकाराच्या बापाचा अर्धपुतळा होता, आठ दिवसांवर अनावरण. गुरुपादनं अंदाजानं छिन्नी चालवली आणि डावा कान बोटभर लहान झाला. ही चूक त्याचीच, ती झाकण्यात अर्थ नाही. पुढं तो गेरू सोडून छिन्नीच्या टोकानं खुणा कोरायला लागला, पण कान काही वाढणार नव्हता.

गणपतराव खवळले. मडकं उतरव, नाहीतर हत्यारं उचल, म्हणाले. गुरुपादनं हत्यारं उचलली. पोत्यात एक एक छिन्नी ठेवत होता, मध्येच खोकत होता. पुतळा तू पुरा करशील काय, म्हणून गणपतरावांनी जोतीरामकडं बघितलं.

जोतीराम म्हणाला, "माझ्याच्यानं न्हाय व्हायचं. उजवा कान बारीक करायचा, मग गालबी उतरवायचा. त्यो चेहरा अण्णाच्या हातात हाय."

गणपतरावांनी अनावरणाचे दिवस बोटांवर मोजले. मग म्हणाले, बरं, तुझ्यापुरतं मडकं राहू दे.

"माझ्यापुरतं नगं," गुरुपाद म्हणाला. "तिघांच्याबी दगडावर टांगा. मग बसतो."

तिसरा दगड शिवमूर्तीचा होता. तिथं नवा माणूस आला होता, मुरगूडचा.

तीन मडकी टांगली गेली. पुतळा वेळेवर गेला, सावकाराला बाप जरा वाळल्यासारखा वाटला एवढंच.

गुरुपादची छाती मात्र सुधारली नाही. आत बसलेली धूळ उठत नाही, असं डॉक्टर म्हणाला. दोन वर्षांत त्याला हातोडा जड झाला. तरी तो सकाळी शेडमध्ये यायचा, रत्नव्वा सोबत यायची, घागरीनं मडकी भरायची. एकदा घाईचं काम होतं, चिखलानं हात घसरतो म्हणून जोतीरामनं आपलं मडकं काढून ठेवलं. गुरुपाद धापा टाकत उठला आणि जोतीरामच्या दगडावरच जाऊन बसला. जोतीरामनं समजावलं, चिडला, शिवीसुद्धा दिली. गुरुपादला बोलायला श्वासच नव्हता. जोतीराम मडकं टांगायला उठला तेव्हाच तो दगडावरून उतरला.