अर्धी गोळी

आठवा महिना लागला आणि घरातल्या सगळ्यांचं लक्ष माझ्या ताटावर आलं. पपई बंद, अननस बंद, आणि एका सकाळी सासूबाईंची नजर माझ्या फिटच्या गोळीवर गेली. रावेतच्या जुन्या शेतकरी घरातल्या त्या, एकदा बोलल्या की मागे हटत नाहीत.

"आमी तीन बाळंतपणं केली, येक गोळी न्हाई खाल्ली. पोराला बाधतंय ते. सोड आता. दोन महिन्यांत काय व्हतंय?"

कॉलेजात असताना मला फिट यायच्या. या गोळीमुळे सहा वर्षांत एकही आली नव्हती, म्हणून माझा तिच्यावर जीव. पण बाळावरही होताच की! शेवटी मी आपला तोडगा काढला. डॉक्टरांना न विचारता गोळी सुरीने अर्धी करून खायला लागले. नोकरी चाकणच्या कारखान्यात, क्वालिटी तपासणीत; त्यामुळे तुकडे मात्र अगदी सारखे. सासूबाई खूश, मी खूश. शहाणी माणसं अशीच माती खातात.

चौथ्या दिवशी कंपनीत एका ऑपरेटरने मशीनचं सेटिंग परस्पर बदललं. जरासंच. आमच्याकडे चालू लाईनवर काहीही बदलायचं तर आधी कागद भरायचा आणि अधिकारी माणसाची सही घ्यायची. मी त्याला सगळ्यांदेखत झापलं.

"कोणाला विचारून केलंत?"

"मॅडम, पार्ट तर ओके येतायत."

"आत्ता येतायत!" मी ओरडले, आणि माझा हात पोटावर गेला. स्वतःचीच लाज वाटली. हसूही आलं. तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी मला त्याच्या दुप्पट झापलं, आजपासून पूर्ण गोळी घ्या म्हणाल्या आणि संध्याकाळी बोलावलं.

सासूबाई सोबत आल्या त्या भांडायच्या तयारीनेच. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आजी, तुमची शंका चुकीची नाही. पण हिची गोळी आम्ही सगळा विचार करूनच चालू ठेवलीय. मनाने कमी केली आणि फिट आली, तर ही पडेल. मग हिलाही धोका, बाळालाही."

सासूबाई पदर सावरत उठल्या. बाहेर येऊन आम्ही रिक्षात बसलो. आता माझं काही खरं नाही, असं मला वाटलं, तर त्यांनी माझा हात धरला.

"समदे बाळाचंच इचारत्यात बघ. मीबी तेच करत बसले. तू पडशील, हे माझ्या ध्यानातच न्हाई आलं गं."

इतक्या महिन्यांत माझ्या एकटीसाठी असं कोणी बोललं नव्हतं. मी रिक्षातच भोकाड पसरलं. रिक्षावाल्या दादांनी घाबरून ब्रेक मारला आणि मागे वळून विचारलं, "ताई, परत दवाखान्यात घेऊ का?"