चार नंबरला आवाज सोडा

गेमच्या दुकानाच्या दारात बसलं की किस्से आपोआप साचत जातात, कोपऱ्यात धूळ साचते तसे. झाडायला जावं तर एकाखालनं अजून दोन निघतात! माझं काम दारात बसायचं. येणाऱ्याच्या चपला नीट लावायच्या, कुणी तंबाखू भरून आत चालला तर त्याला थुंकायला माघारी पाठवायचं. शाळेत मी गेलो न्हाय, गेममधलं मला काही कळत न्हाय. पण भ्यालेला माणूस कसा दिसतो, ते आता पाठ झालंय.

दुकान माझ्या लेकीचं, सुनंदाचं. नळदुर्गला, हायवेला लागूनच. जावई ट्रकवर, घरी कमीच असतो. मागच्या खोलीत सुनंदा अन् मी राहतो. वर माडीवर घरमालकीण शांताक्का, एकट्याच. त्यांचे मालक आम्ही इथं यायच्या आधीच वारलेले. मी त्यांना कधी पाहिलंसुद्धा न्हाय.

दुकानात कम्प्युटर एकच, पण दांडगा. त्याला चार पडदे, चार खुर्च्या. एकाच वेळी चौघं चार ठिकाणी खेळणार. आवाज मात्र चौघांचाही एकाच मोठ्या खोक्यातनं! सगळी भानगड तिथनं सुरू झाली.

*

दुकान उघडलं त्या दिवसाची गोष्ट. मी दारात बसलोय, ऊन मस्त पडलंय, अन् आतनं एकदम बाई किंचाळली. तिच्या मागं धाडधाड गोळ्या. मग कुणीतरी घशातनं घरघर करायला लागलं.

आत माझी लेक होती! तसाच रस्त्यावर पळालो अन् बोंबललो, "धावा रे, मारलं रे!"

समोरच्या ढाब्यावरचे पाचसहा जण झारे-उलथणी घेऊन पळत आले. तेवढ्यात आतनं फिरोज बाहेर आला. पंक्चरचं दुकान आहे त्याचं, बाजूलाच. घामाघूम.

मी त्याचा हात धरला. "कोण मेलं रे?"

"मीच की, आबा."

"अरं मग ती बाई?"

"ती बी मीच!"

*

मग सुनंदानं कानाला लावायचे हेडफोन आणले. म्हणली, "आबा, आता ज्याचं त्याच्या कानात. तुमाला बी भ्या न्हाय."

दुकान शांत झालं, पण त्या शांततेनंच घात केला. फिरोजची बायको शाहीन त्याला जेवायला बोलवायला आली. दारातनं हाक मारली, त्याला ऐकू गेलं न्हाय. जवळ जाऊन मारली, तरी न्हाय. तो गेममध्ये एका पडक्या दवाखान्यात हिंडत होता अन् मागनं काहीतरी येत होतं. शाहीननं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

फिरोज असा ओरडला की ढाब्यावरचं कुत्रं पळालं. खुर्चीसकट आडवा झाला, कानातली वायर तुटली, अन् खाली पडल्या पडल्या हात जोडून बायकोला म्हणतोय, "नको गं बाई, खाऊ नको मला!"

शाहीन म्हणली, "मी कशाला खाऊ? भाकरी थंड व्हायली तिकडं!"

त्या दिवसापासनं एकही गिऱ्हाईक हेडफोन लावायला तयार होईना. फिरोज तर स्पष्ट म्हणला, "ताई, मागनं कोण येतंय ते ऐकू आलं पाहिजे. गेममधलं बी, अन् घरचं बी."

म्हणून मग परत तेच मोठं खोकं. अन् तिसऱ्या दिवशी शांताक्का जिना उतरून आल्या. आवाज चढवला न्हाय, कधीच चढवत न्हाइत. "सुनंदा, पोरी, वर मला पाटावर बसून जेवता येईना. खालनं मुडदे पडायलेत. दसऱ्यापर्यंत आवाज आवर, न्हाय तर मी कुलूप लावणार."

कुलूप म्हणजे दुकानही गेलं अन् मागची खोलीही. अशा धंद्याला अख्ख्या नळदुर्गात दुसरं कुणी जागा द्यायला तयार नव्हतं, आम्ही आधीच हिंडून बघितलेलं. त्या दिवसापासनं गिऱ्हाइकाचं भ्या वेगळं अन् आमचं वेगळं.

*

सुनंदानं मोठं खोकं काढून चार बारक्या पेट्या आणल्या. प्रत्येक खुर्चीपाशी एक. मोबाईलवर बघून बघून शिकली बिचारी. मला समजावून सांगितलं, "आबा, आपण वाफ्याला पाणी देतो का न्हाय? एक दारं मोडायचं, दुसरं बांधायचं. तसं ह्याचा आवाज ह्या पेटीत, त्याचा त्या पेटीत." मला पटलं.

मग ती कम्प्युटरपाशी बसली अन् तिथनं म्हणली, "आबा, चार नंबरला आवाज द्या!"

आता आवाज द्या म्हणल्यावर माणूस काय करील? मी चार नंबरच्या मागं जाऊन उभा राहिलो अन् दमदार आवाज दिला, "ए चार नंबरऽऽ!"

तिथं मल्लू बसलेला. ढाब्यावर तंदूर सांभाळतो, पैलवान गडी. त्याची पेटी अजून मुकी होती, अन् पडद्यावर तो एका खाटेखाली लपलेला. बाहेर कुणाचे तरी पाय फिरत होते. माझा आवाज आला अन् मल्लू जागच्या जागी दगड झाला. वळून बघंना, बोलंना.

मला वाटलं ऐकू गेलं न्हाय. परत आवाज दिला. तरी गप्प. तिसऱ्यांदा दिला, तवा कुठं बारीकसा "ओ" आला.

"अरं, पहिल्यांदाच ओ द्यायला काय झालतं?"

मल्लू म्हणला, "आबा, आमच्या आईनं सांगितलंय. एका हाकेला ओ द्यायची न्हाय. माणूस असंल तर तीनदा हाक मारतो!"

सुनंदाला माझ्याकडनं पेटीचं बटण फिरवून पाहिजे होतं. तवापासनं आमच्यात 'आवाज द्या' म्हणायचं बंद. 'आवाज सोडा' म्हणायचं, पाणी सोडतात तसं.

*

पण पाणी ऐकतं, कम्प्युटर ऐकत न्हाय. चौघांनी एकच गेम उघडला की चौघांचा आवाज एक नंबरच्या पेटीत जाऊन पडायचा. सुनंदानं डोकं धरलं. मग तिला कळलं, की गेमचं नाव एकच म्हणून कम्प्युटरला ते सगळे मिळून एकच माणूस वाटतात. म्हणजे एका गावात चार तुकाराम असले तर पोस्टमन काय करील? तिनं त्या गेमच्या चार नकला केल्या, चार नावं ठेवली अन् एकेक नाव एकेका पेटीला बांधलं.

बांधताना दोन अन् चारची अदलाबदल झाली, ते कुणालाच कळलं न्हाय.

दोन नंबरला फिरोज, चार नंबरला मल्लू. फिरोजच्या पडद्यावर मोकळं रान, कुणी म्हणजे कुणी न्हाय. अन् पेटीतनं मागनं पावलं येतायत! फिरोज थांबला तरी पावलं येतायत! तो पळायला लागला. त्याला धाप लागली, अन् श्वास दुसऱ्याच कुणाचा तरी ऐकू येतोय! तोंड पांढरं पडलं त्याचं. "आबा, ह्यो दिसत न्हाय! ह्यो दिसतच न्हाय मला!"

तिकडं मल्लूच्या पेटीतनं रानातली पाखरं ओरडत होती. तो निवांत. अन् त्याच्या पाठीमागं ते जनावर, चूप, आवाज न करता चालत आलं अन् त्याला खाऊन टाकलं.

अदलाबदल कळली तवा मल्लू चिडला. "मरण माझं, अन् भ्या सगळं ह्यानं खाल्लं!"

*

एकदा दुपारी लाईट गेली अन् आली. कम्प्युटर परत सुरू झाला, पण बांधलेलं सगळं सुटलं होतं. चौघांचा आवाज दोन नंबरच्या पेटीत. तिथं त्या दिवशी बाहेरचा एक ट्रकवाला बसलेला. ट्रकचाच गेम खेळत होता. दिवसभर ट्रक चालवून हौस फिटत न्हाय त्यांची!

बरं चाललं होतं त्याचं. अन् ट्रकच्या मागनं एक बाई रडायला लागली. हळूहळू, तोंड दाबून रडावं तसं.

त्यानं गेममधला ब्रेक दाबला. रडणं थांबंना. तो उठला अन् माझ्यापुढनं चपला न घालता बाहेर गेला. ढाब्यासमोर त्याचा खरा ट्रक उभा होता. त्याच्या मागं चढला, ताडपत्री सोडली, आत उतरला. बराच वेळ आतच.

परत आला तवा मी विचारलं, "काय झालं हो? माल चोरीला गेला का?"

"माल हाय, काका."

"मग काय बघितलं?"

"रडणारी बघितली."

"होती का?"

तो चपला घालायला लागला. अंगठा बसंना. "नव्हती. पण आता ती गाडीत न्हाय म्हणल्यावर कुठं हाय, ते मला कळंना."

सुनंदानं त्याला दोनदा समजावलं, पेटीचं सांगितलं. त्यानं मान डोलावली. पण सोलापूरपर्यंत त्यानं ढाब्यावरचा एक माणूस शेजारी बसवून नेला.

*

दसरा जवळ आला. तोवर सुनंदाचं सगळं बसलं होतं. ज्याचा आवाज त्याच्या पेटीत, तोही खुर्चीपुरता. दारात मला हायवेच्या गाड्या ऐकू यायला लागल्या. तरी आमचा जीव टांगलेला. शांताक्का काय म्हणतील?

भर दुपारी, जेवणं झाल्यावर, त्या जिना उतरल्या. अर्ध्यावर थांबल्या. सुनंदा हात पुसत पुढं गेली. "अक्का, आता येतो का आवाज वर?"

"न्हाय पोरी. लई शांत झालं."

सुनंदानं माझ्याकडं बघितलं, हसली. तेवढ्यात शांताक्का म्हणल्या, "पण ते चालणारं कुठं सोडलं तुम्ही?"

"कोण चालणारं?"

"अय्यो, ते दुपारी चालायचं की. एक पाय टेकायचा, एक घासत यायचा. तुमच्या मोठ्या खोक्यातनं यायचं. मला आधी राग यायचा. मग मी पाट त्या आवाजाकडं सरकवून बसायला लागले. बारक्या पेट्या आल्या, अन् ते गेलं."

सुनंदा म्हणली, "अक्का, गेममधलंच असंल. दाखवते तुमाला."

तिनं एक पेटी लांब वायर लावून जिन्याखाली आणली. एकेक गेमचा आवाज त्या पेटीत सोडला. शिपायाचे बूट. "ह्यो न्हाय." पैंजण. "न्हाय." दवाखान्यातलं ते सरपटणारं. शांताक्कांनी मान हलवली. "ह्याला दोन्ही पाय हाइत. मालकाचा एक पाय गाडीखाली आलता, पोरी. मी चाळीस वर्षं ऐकलंय."

फिरोज अन् मल्लू खुर्चीवरनं उठून माझ्यापाशी येऊन उभे राहिले.

"मला ते परत पाहिजे," शांताक्का म्हणल्या. "न्हाय तर मी कुलूप लावणार."

सुनंदानं होते नव्हते ते सगळे गेम सोडून बघितले. मग काही सुचंना म्हणून एकेक करून चारही पडद्यांवरचे गेम बंद केले. शेवटी वाकली अन् भिंतीतला प्लग उपसला. पडदे काळे झाले, कम्प्युटरमधला पंखा थांबला.

शांताक्कांनी हात वर केला. "थांबा."

डोकं कलतं करून उभ्या राहिल्या. मग तोंडावर पदर धरला.

"हां. ह्येच. आता ह्याला हात लावू नका."

अन् जिन्याच्या कडेनं, भिंतीला अंग घासत, बाजूला एका माणसाची जागा सोडून, हळूहळू वर गेल्या. सुनंदाच्या हातात तो प्लग तसाच होता.