माळ्यावरची वायर

त्या दुपारच्या आठवणीने आजही अंगावर काटा येतो. मी शहापूर तालुक्यात एका ठाण्याचा प्रभारी होतो. डोळखांबकडच्या एका गावातून पोलीस पाटलाचा फोन आला. "सायेब, लगेच निघा. क्लासवाल्या बाईला भुताळी ठरवलंय. ओढून बाहेर काढतील तिला."

बाई विधवा, वाटणीत आलेल्या अर्ध्या घरात राहायची, उरलेलं अर्धं दिराचं. पडवीत जुने कॉम्प्युटर मांडून मुलींना शिकवायची. शहापूरच्या मेकॅनिककडून तिने ते नुकतेच वायरने एकमेकांना जोडून घेतले होते. तेव्हापासून पडद्यावरचा बाण आपोआप फिरायचा आणि अक्षरं उमटायची, 'आता तुझी पाळी'. ते वाचून एक मुलगी तापाने फणफणली आणि गाव बिथरलं.

मेकॅनिकला जीपमध्ये घालून आम्ही पोचलो. अंगण माणसांनी भरलेलं, काहींच्या हातात कोयते. मी पडवीत शिरलो आणि डोळ्यांदेखत पडद्यावर उमटलं, 'पोलीसही मरणार'. खोटं कशाला सांगू, मी दोन पावलं मागे सरलो. हवालदाराने तर हात जोडले.

मग डोक्यात आलं, आम्ही आलोय हे याला कळलं कसं? म्हणजे लिहिणारा माणूसच होता आणि इतका जवळ, की त्याला आमचं बोलणं ऐकू येत होतं.

मेकॅनिकला दरडावलं. तो चाचरत म्हणाला, "मशीनं जुनी, सायेब. नवा प्रोग्राम झेपत नाय. म्हणून जुनाच टाकला. एका मशीनवरून बाकीची चालवता येतात. पासवर्ड ठेवला की अडकायची, म्हणून ठेवलाच नाय."

"सगळ्या वायरी जातात कुठे?"

"माळ्यावरच्या पेटीत."

आमच्याकडे भावांत घर वाटलं तरी भाताचा माळा बऱ्याचदा सामाईकच राहतो आणि मधली भिंत तिथवर पोचत नाही. मी वर चढलो. पेटीतून एक जास्तीची वायर पलीकडे दिराच्या घरात उतरली होती. क्लासमधून मोडीत काढलेल्या मशीनसमोर तो बसलेला सापडला. दोन प्रश्नांतच त्याने तोंड उघडलं. "वहिनी गेली असती तर सगळं घर आमचंच होतं."

त्याला अंगणातून नेताना गर्दी पांगली. माफी कोणी मागितली नाही.

जबाब देताना बाईने मला विचारलं, "सायेब, वायर गावली नसती तर तुमी कुणाचं ऐकलं असतं?" मी जबाबाचा कागद सहीसाठी तिच्यापुढे सरकवला. माणसं घाबरली की पुरावा मागत नाहीत, माणूस मागतात, हे मी त्या दिवशी शिकलो.

क्लास पुन्हा सुरू झाला, मुलीही परतल्या. नंतर एकदा त्या बाजूला गेलो तेव्हा बाई पडवीत शिकवत होती. मागचं दार मात्र तिने सताड उघडं ठेवलं होतं. मी विचारलं, तर म्हणाली, "गाव परत आलं तर पळायला लागंल ना."