खारींची तहान आणि माझी ठिबक

गेल्या उन्हाळ्यात मिरचीला नवी ठिबक अंथरून चारच दिवस झाले होते. सकाळी विजेची लाइन आली, मी मोटारीचं बटण दाबलं आणि पाणी ठिबकायच्या ऐवजी उडायलाच लागलं! इथे कारंजं, तिथे कारंजं. खारींनी नळ्या कुरतडल्या होत्या.

बायको म्हणाली, "अवो, हे तर लग्नाचं डेकोरेशन झालं!"

हसली, पण तिचं लक्ष शेवटच्या पाच सरींकडे होतं. पाणी वाटेतच सांडायचं, तिथवर पोचायचंच नाही. तिथल्या रोपांनी माना टाकल्या होत्या. मी रोज जॉइनर लावून भोकं बुजवायचो आणि खारी रोज नवी पाडायच्या.

मग मला आयडिया सुचली! धाड गावच्या बाजारातून झणझणीत तिखट आणलं, हिंगाच्या पाण्यात कालवलं आणि सगळ्या नळ्यांना हातानं चोपडलं. घाम आला, म्हणून त्याच हातानं डोळे पुसले. पुढचा अर्धा तास माझं डोकं हौदात होतं.

माझी बोंब ऐकून शेजारच्या शेतातले चाचा धावत आले. सगळं ऐकल्यावर कपाळावर हात मारून म्हणाले, "काऊन बे, त्याईले लागली तहान अन् तू तिखट चारून राह्यला! या उन्हात पाणी हाय कुठी? नळीत खुळखुळते, म्हणून फोडते. पह्यले प्यायाले दे!"

इतकी वर्षं शेती करतोय, पण हे मला सुचलं नव्हतं. त्याच दिवशी फुटक्या माठांची बुडं, घमेली, कापलेले डबे, जे सापडेल ते पाण्यानं भरून बांधावरच्या झाडांखाली ठेवलं. सगळी भोकं पुन्हा बुजवली.

दुसऱ्या दिवशी लाइन आली. बटण दाबलं आणि मी सरींमधून पळत सुटलो, या वयात, या पोटासकट! पहिली सरी, दहावी, विसावी... एकही कारंजं नाही! बायको पार टोकाला उभी होती.

"आलं का?"

"थांबा न जरा!"

"आता?"

"आलं! अवो, शेवटच्या झाडाले आलं!"

मी धापा टाकत पोचलो, तेव्हा ती रोपाशी बसून ओली माती बोटानं दाबून पाहत होती.

"मोटार बंद करू नका," मान वर न करता ती म्हणाली, "लाइन जाईपर्यंत चालू द्या."