शेवटचे पान आधी

भयकथेचा शेवट आधी वाचू नये, असा संकेत आहे. आमच्या वाचनालयात येणारे भामरागडकडचे एक वनरक्षक मात्र उभ्यानेच शेवटचे पान वाचत. रक्तपिपासू पिशाच्च मेले असेल, तरच पुस्तक नेत.

"मेला एकदाचा! द्या हे, बाई."

पिशाच्च तेच, लसूण आणि सूर्यप्रकाश हे उपायही तेच. त्यांना तेवढी खात्री पुरे.

एका पावसाळ्यात पुरामुळे रस्ता बंद होता. तापाने फणफणलेल्या त्यांच्या मुलीला दवाखान्यात नेता आले नाही, ती गेली. रस्ता सुरू झाल्यावर ते आले. मी राखून ठेवलेले नवे पुस्तक पुढे केले.

"यातही मरतो, भाऊ."

त्यांनी शेवटचे पान वाचले.

"मरते हो, बाई. पण त्यानं नेलेली पोरगी कोन्त्याच पुस्तकात वापस येत नाई."

त्यांना देण्याजोगे दुसरे पुस्तक माझ्याकडे नव्हते.